भिंतीला लागलेली टोकं

मार्च महिना मला आवडत नाही. ऊन चढतं, म्हशी धापा टाकतात, दूध कमी होतं, आणि गल्लीतली पोरं गच्चीवर फेऱ्या घालत मोठ्यानं पाठ करायला लागतात. यंदाही सुरू झालंय. समोरच्या घरातला पोरगा उजाडल्यापासून इतिहासातल्या सनावळ्या ओरडतो. ऐकून ऐकून त्या मला पाठ झाल्या, त्याला अजून झालेल्या नाहीत. त्याच्या आईनं टीव्ही कपाटात घालून कुलूप लावलंय, देवाला नारळ बोललाय आणि आमच्या म्हशी रेकतात म्हणून माझ्याशी भांडण काढलंय. म्हशींना सांगू का, पेपर आहे म्हणून?

मी चौथी पास आहे. चौथीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी शेण काढून शाळेत गेले आणि दुपारी परत येऊन पुन्हा शेण काढलं. त्यामुळे परीक्षेचा मोसम म्हणून लोक जे अवडंबर करतात त्याचं मला काही कौतुक नाही. तरीही मार्च लागला, कुणी गच्चीवर पुटपुटायला लागलं, की एक जुना मार्च डोक्यात येऊन बसतो. मी त्याला बोलावत नाही. बिनबोलावता येणाऱ्या पाहुण्यासारखा येतो आणि चहा पिऊनच जातो.

त्या वर्षी माझ्या मुलीची मुलगी वैशाली आमच्याकडे राहायला होती. तिचा बाप पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत नोकरीला. ती इथे एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. हॉस्टेलचं जेवण तिला चालेना, म्हणून पुस्तकांची ट्रंक घेऊन आली आणि माडीवर पसरली. वाचायची मात्र गोठ्यात. तिथं गार असतं म्हणे. म्हशींच्या दोन दावणींमधल्या बोळातून, नाकाला ओढणी लावून, इंग्रजीत काहीतरी घोकत फिरायची. म्हशी रवंथ करायच्या आणि ही पण. पेंडीचा आंबूस वास, ओल्या शेणावर बसलेल्या माश्या, आणि त्यात तिचं ते टकटक इंग्रजी. मला दुपारची झोप मिळेना.

त्यात भर परसातल्या कांद्यांची. मी बियाण्यासाठी मुद्दाम ठेवलेले, त्यांना छान पांढरे गोंडे आले होते. एका सकाळी बघते तर निम्मे गोंडे कळीतच खुडलेले.

"कुणी मेल्यानं नेलं ग?"

"म्या नेलं आज्जे. प्रॅक्टिकलला. कळीच्या आत पराग तयार होत असतो न्हवं? त्यो चिरडून, लाल रंग घालून दुर्बिणीतनं बगायचा."

"आन काय दिसतं?"

"दोरं."

माझं वर्षाचं बियाणं गेलं, आणि हिला दोरे दिसले. मी तिला दिवसभर दूध दिलं नाही.

आमचं घर पुढून छोटं आणि मागून लांब. पुढं सोपा, म्हणजे बसाउठायची खोली, मग स्वयंपाकघर, मागं गोठा. सोप्यात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर देवाधर्माचा नव्हे, एका रेड्याचा मोठा फोटो होता. त्याचं नाव सरदार. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, त्यात मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्याला एका वर्षी असा मिरवला की सारी पेठ बघत राहिली. अंगावर तेल चोपडलेलं, शिंगं रंगवलेली, शिंगात मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चांदीचा तोडा. मालक मोटारसायकलवर पुढं आणि सरदार मागं पळत. फोटोत दोघांची छाती सारखीच फुगलेली आहे.

सरदार आमच्याकडे आला तेव्हा नव्वद साल मागं पडलं होतं. गल्लीतल्या साऱ्या म्हशी फळवायला त्याच्याकडेच यायच्या. आमच्या गवळी लोकांत म्हैस गाभण राहिली नाही की म्हैस वाईट, हे ठरलेलं. सरदार आल्यावर एकापाठोपाठ एक म्हशी उलटायला लागल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायला लागल्या. लोकांनी खुराक बदलला, अंगारे लावले, दृष्ट काढली, आणि मग म्हशी विकल्या. चांगल्या, दुधाच्या, हाताखाली वाढलेल्या म्हशी. काही बाजारात गेल्या, काही जिथून परत येत नाहीत तिथं गेल्या. आमची चंद्री नावाची म्हैस कोडोलीच्या एका माणसानं नेली, वांझ म्हणून पडत्या भावात. पुढं सरकारी जनावरांच्या डॉक्टरनं एकदा सरदारला तपासलं आणि सांगितलं, म्हशी ठीक आहेत, रेड्यातच काही नाही. मालकांनी त्या डॉक्टरला गोठ्यातून हाकलला. "असला देखणा रेडा, आन त्यात काय न्हाय म्हणतोय! ह्याला डोळं हायती का बटणं?" गल्लीनं मात्र गुपचूप आपल्या म्हशी दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. सरदार म्हातारा होऊन आमच्याच दावणीला मेला. शेवटपर्यंत सरकी खात होता. त्याच्यामुळे गेलेल्या म्हशींचा फोटो कुणी काढला नाही.

हे मी आत्ता लिहिते आहे ते रेड्यावर राग म्हणून नव्हे. त्या मुक्या जनावराचा काय दोष. पण त्या मार्चमध्ये आमच्या घरात तोच खेळ माणसांत चालला होता, आणि तो फोटो वरून बघत होता.

माझा मुलगा तानाजी आणि त्याची बायको सुनंदा. सुनंदा आजऱ्याकडची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. खरं सांगायचं तर सुनंदा मला फारशी आवडत नव्हती. भाकरी जाड थापायची. विचारलेल्या गोष्टीला उत्तर द्यायला वेळ लावायची, आणि उत्तर दिलं की वाटायचं, नसतं दिलं तर बरं झालं असतं. पण धार तिच्यासारखी कुणी काढत नसे. लाथाडी म्हैससुद्धा तिच्या हाताला पान्हा सोडायची. संध्याकाळी कट्ट्यावर लोक ताजं फेसाळ दूध प्यायला यायचे, तेव्हा पेल्यावर उभा राहणारा तिच्या धारेचा फेस ओळखू यायचा.

अशा बाईला गल्लीतल्या बायकांनी वाळीत टाकली होती. उघड नाही. उघड करायला हिंमत लागते. कुणाच्या डोहाळजेवणाला घराघरातून बायका बोलवायच्या, आणि आमच्या दारात आल्या की म्हणायच्या, "काकू, तुमी या. सुनंदाला गोठ्यात काम असंल की." ओटी भरायला तिचा हात नको. सुनंदा आतून ऐकायची आणि बादली मोठ्यानं आपटायची. तिनं उपास केले, पोटात कसली कसली औषधं घेतली, डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या तपासण्या केल्या. तिच्यात काही निघेना. प्रत्येक डॉक्टर म्हणायचा, नवऱ्याला आणा. मालक म्हणायचे, "तानाजीला काय झालंय? शंभर किलोचं पोतं एका हातानं उचलतोय."

पोतं उचलण्याचा आणि ह्याचा संबंध काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या मार्चमध्ये मालकांनी ठरवलं की सुनंदाला माहेरी पाठवायची, काडीमोड घ्यायचा आणि दुसरी आणायची. स्थळही आणलं. तोच कोडोलीचा माणूस, चंद्री नेलेला. त्याची पुतणी. रविवारी यायचं, पसंत पडलं की लगेच सुपारी फोडायची. हे सगळं सुनंदासमोर, जेवताना, तिच्याच हातची जाड भाकरी मोडत. तानाजी ताटात बघत राहिला. माझा मुलगा आहे, पण तेव्हा त्याच्या डोक्यात ताट घालावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तानाजीला दंडाला धरून डॉक्टरकडे नेला. सुईला भितो, म्हणून एकटा गेला नसता. आधी साधी तपासणी झाली, मग डॉक्टरनं पुरुषाचं बी जिथं तयार होतं तिथला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रविवार जवळ आला तसा निकाल कळला. तरुण डॉक्टर होता, भिंतीकडे बघून बोलत होता. म्हणाला, बी तयार व्हायला सुरुवात होते, पण पेशी अर्ध्या वाटेवर येऊन थांबतात आणि मरतात. पुढं एकही जात नाही. बायकोचा काही संबंध नाही. तानाजी पंख्याकडे बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "आये, तू बोलू नगं. घरात म्या सांगतो." मी म्हटलं, सांग. तो घरी आला, वैरण तोडली, जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच.

मला मात्र त्या अर्ध्या वाटेनं पछाडलं. अर्ध्या वाटेवर म्हणजे कुठं? गोठ्यात वैशालीची टकटक चालूच होती. मी तिला थांबवलं.

"वैशे, बी तयार होताना अर्ध्यात थांबतं म्हंजे काय होतं ग?"

ती चमकली. "कुणाचं इचारतीस?"

"म्हशीचं."

पोरगी हुशार आहे. पुस्तक मिटून वैरणीच्या भाऱ्यावर बसली. म्हणाली, "तुला सांगता आलं तर पेपरात पण लिवता येईल. ऐक."

तिनं सांगितलं ते असं. शरीराच्या प्रत्येक पेशीत मधोमध एक गोळा असतो, त्याला केंद्रक म्हणतात. त्यात गुणसूत्रं, म्हणजे तेच तिचे दोरे. प्रत्येक दोरा जोडीनं असतो, एक आईकडचा, एक बापाकडचा. बी तयार करताना निम्मेच दोरे द्यायचे असतात. म्हणून आधी प्रत्येक दोऱ्याला त्या गर्दीत आपला जोडीदार शोधावा लागतो. जोड्या नीट लागल्या तरच वाटणी नीट होते.

"आन त्ये आंधळं दोरं एकमेकाला शोधत्यात कसं?"

"टोकं बांधून," ती म्हणाली. "केंद्रकाला पडदा असतो, भिंतीसारखा. सगळ्या दोऱ्यांची टोकं त्या भिंतीला आतनं जाऊन लागत्यात. लागत्यात म्हंजे नुसती टेकत न्हाईत. तितं प्रथिनांचा आकडा असतो, हुकासारखा. भिंत दुहेरी असती. आतल्या भिंतीतलं प्रथिन एका हातानं टोक धरतं आन दुसरा हात दोन भिंतींच्या मधी काढतं. बाहेरच्या भिंतीतलं प्रथिन त्यो हात धरतं, आन त्याचा दुसरा हात बाहेरच्या दोरखंडाला. बाहेरनं ओढलं की आत टोक हलतं."

मी म्हटलं, बांधलेलं जनावर हलतं कुठं? खुंट्याला बांधलं की बसलं.

ती हसली. "आज्जे, नदीकाठच्या रानात आजोबा म्हस कशी बांधत्यात? लांब तार ताणून, तारेत कडी आन कडीला दावं. म्हस तारेच्या कडंकडंनं चरत फिरती. तसं. टोक भिंतीला लागलंय, पण भिंतीवरनं सरकतंय. सगळी टोकं सरकत सरकत एका बाजूला गोळा होत्यात, फुलांच्या गुच्छाचं देठ एका मुठीत यावं तशी. मग दोरं एकमेकाला घासत्यात, चाचपत्यात, आन ज्याचा त्याला जोडीदार घावतो. मोकळी सोडली असती तर नुसती घोळात फिरली असती."

"आन त्यो आकडाच नसला तर?"

"मग टोकं सुटी. जोड्या लागत न्हाईत. पेशीला कळतं की गडबड हाय. ती तितंच थांबती, मरती. उंदरांवर बगितलंय की हल्ली. असला आकडा काढून टाकलेलं उंदीर धडधाकट असत्यात, खात्यात, पळत्यात. पिल्लं तेवढी होत न्हाईत."

धडधाकट. पोतं उचलणारा उंदीर माझ्या डोळ्यासमोर आला.

"कुणाची चूक असती मग?"

"कुणाचीच न्हाय. आकडा कसा घडवायचा ह्याची सूचना आईकडनं एक आन बापाकडनं एक येती. एक बिघडली तर दुसरीवर भागतं. दोनी बिघडलेल्या आल्या तर आकडा घडत न्हाय. आईबापांना पत्ता पण नसतो, कारन त्यांच्यात एकेक चांगली असती." मग माझा हात धरून म्हणाली, "आज्जे, मामाचं हेच असंल असं न्हाय हं. अर्ध्यात थांबायची कारणं लई हायती. ह्यातलं नेमकं कुठलं, ते हितं कुनीच सांगू शकत न्हाय."

मी म्हशीचं म्हटलं होतं. मामाचं तिनं म्हटलं.

ती बरोबरच बोलली होती. तानाजीच्यात नेमकं काय बिघडलं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही छातीठोक सांगणार नाही. मला एवढंच कळलं की ती गोष्ट सुनंदाच्या पोटात नव्हती, आणि असलीच तर अर्धी माझ्यात आणि अर्धी मालकांत होती. एवढ्यासाठी त्या बाईनं वर्षानुवर्षं उपास केले होते.

रविवारी कोडोलीचे पाहुणे आले. पाहुणा जाडजूड, पांढरा पटका, बोलायला मोठा. सरदारच्या फोटोखाली ऐसपैस बसला. ताटलीत सुपारी, अडकित्ता, हळदकुंकू मांडून ठेवलेलं. चहा कुणी करायचा? सुनंदानं. तिची जागा घ्यायला आलेल्यांना तिनं चहा द्यायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. तानाजी कोपऱ्यात नवा सदरा घालून. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं फरशीकडे बघितलं.

पाहुणा खुशीत होता. "मालक, ती चंद्री आठवती का? तुमी वांझ म्हणून दिलीसा. आमच्यात आली आन लागोपाठ वीत गेली. तिच्या रेड्या आता गाभण हायती!"

मालक हसले. "तुमच्या पाण्याचा गुण, पावणं."

पाहुणापण हसला. एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, आता ह्या माणसाच्या ध्यानात येईल, मग येईल. तो अडकित्त्याकडे हात नेत होता.

"पावणं," मी म्हटलं, "पाण्याचा गुण न्हवं. तुमचा रेडा येगळा. चंद्रीत कवाच काय वाईट न्हवतं. तुमच्या डोक्यावर फोटो हाय, त्याच्यात व्हतं."

मालक ओरडले, "गप बस! कशात काय काडतीस?"

"ह्याच्यातच काडते. आमच्या तानाजीला मूल व्हनार न्हाय. डाक्टरनं तपासून सांगितलंय. म्या संगं गेलते. सुनंदात खोट न्हाय. खोट असंलच तर ह्यांच्यात आन माझ्यात हाय, पोरात आमच्याकडनंच उतरली असंल. तुमी म्हस नेलीसा, शानं ठरलासा. आता पोरगी दिऊन खुळं ठरू नगा."

पाहुण्यानं मान वर करून फोटो बघितला, मग तानाजीला बघितलं. अडकित्ता ताटलीत ठेवला. चपला घालताना एवढंच म्हणाला, "वैनी, लई उपकार झालं." मालकांना रामराम न करताच गेला.

सुनंदा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातून कप पडला वगैरे काही नाही. तिनं ट्रे खाली ठेवला आणि त्यातला एक कप उचलून स्वतः प्याली. उभ्यानं, सासऱ्यासमोर.

मग घरात जे व्हायचं ते झालं. मालकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. तानाजी रडत रडत ओरडला, "आये, माझी अब्रू घालवलीस!" मी म्हटलं, "तुजी अब्रू इतकी वर्सं तिच्या नावावर खपत व्हती. आता तुझ्या नावावर वापर." गल्लीत दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. मग त्याच बायका आल्या, सुनंदाला हळदीकुंकवाला बोलवायला, डोळ्यांत पाणी आणून. सुनंदा म्हणाली, "गोठ्यात काम हाय." आणि बादली आपटली.

मला वाटलं होतं, चला, आता हे घर असंच कुरकुरत चालेल. पोरगी इथंच राहील. मी तेवढ्यासाठीच बोलले होते. वैशालीचे पेपर संपले त्याच आठवड्यात सुनंदाचा भाऊ आजऱ्याहून आला. तिनं सकाळची धार काढली, हात धुतले, पेटी बाहेर आणली.

मला काय करावं कळेना. मी खण, नारळ आणि पदरात घालायला सुपात तांदूळ घेऊन आले. ह्या घरात तिची ओटी नीट कुणी भरली नव्हती. आमच्याकडे सुना सासूला आत्ती म्हणतात. तशीच म्हणाली, "ठेवा त्ये, आत्ती. आजऱ्यात तांदूळ कमी हायती व्हय?"

"मग ऱ्हा की. आता कोन घालवतंय तुला?"

"त्येच तर. जा म्हटलं तरी तुमीच, ऱ्हा म्हटलं तरी तुमीच. आता माजं म्या ठरवलंय." मग तिच्या स्वभावाप्रमाणं वेळ लावून म्हणाली, "तुमी बोललासा त्ये बरं केलंसा. पर तुमाला लई उशिरा कळलं."

उशिरा कळलं हे खरं होतं, आणि त्याला इलाज नव्हता. ती पुढच्या दारानं गेली. ते तांदूळ मी परत डब्यात ओतले. रात्री त्यांचाच भात केला. मालकांनी ताट पुसून खाल्ला.

नंतर बरेच मार्च आले. वैशाली आता पुण्यात नोकरी करते. मधे आली तेव्हा सांगत होती, त्या आकड्याचे अजून कितीतरी भाग सापडले. दोऱ्याच्या टोकावर एरवी एक टोपी असते, टोक उसवू नये म्हणून. भिंतीला लागायच्या वेळी ती टोपी बाजूला होते आणि आकडा थेट टोकाला धरतो. मी ऐकून घेतलं. शहाणी माणसं असल्या गोष्टींतून माणसांच्या संसाराचा बोध काढतात, मला त्यांचा संताप येतो. दोरे दोरे असतात. त्यांना सासू नसते.

सुनंदाचं दुसरं लग्न झालं, आजऱ्यातच, काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बिजवराशी. हे आम्हाला कोडोलीच्या त्याच पाहुण्यानं रस्त्यात भेटून सांगितलं. मग पुन्हा एकदा मुद्दाम घरी आला आणि सांगितलं, तिला मुलगी झाली. मालक सोप्यात बसले होते. तानाजी गोठ्यात होता, त्यानं ऐकलं असावं, कारण वैरण तोडल्याचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. पाहुणा चहा पिऊन गेला. मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. दुपारभर मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही, एवढं लिहिते.

मालक उठले, स्टूल ओढलं, गुडघे धरत वर चढले. सरदारचा फोटो काढला, पुसला, आणि कपाटामागं भिंतीकडे तोंड करून ठेवला.

आता मालक नाहीत. समोरचा पोरगा अजून तीच सनावळी चुकतोय. सोप्यातल्या भिंतीवर फोटोच्या जागी एक चौकोन पांढरा राहिलाय आणि वर खिळा. पक्का बसलाय, हलत नाही. मी त्याला काही अडकवलेलं नाही.